‘वारा लागणें’ आणि वारा न लागणें

आपल्या घरांत कोणास पडसें-खोकला झाला, कीं वडील माणसांच्या तोंडून पहिली आज्ञा सुटते ती ही, कीं ‘‘खिडकी लावून घ्या, त्याला वारा लागेल.’’ लगेच तावदानें लावलीं जातात, दाराच्या फटीशीं सतरंजीची घडी सरकवली जाते, आजाऱ्याच्या कानांवरून रुमाल बांधला जातो, आणि मग त्याची विचारपूस करण्यासाठीं घरांतील लहानथोर मंडळी त्याच खोलींत येऊन बसतात. बाळंतिणीच्या खोलीची गोष्ट तर सांगावयासच नको. तेथें दहा-बारा दिवस वाऱ्याची झुळूक शिरूं न देणें ही सासूबाईंच्या दक्षतेची खूण समजली जाते.

वाऱ्याचें हें भय अगदींच निराधार आहे असें नाहीं. तापानें तप्त झालेल्या अंगावर गार झोत येत राहिला तर आजाऱ्यास हुडहुडी भरते, आणि म्हाताऱ्या माणसास तर त्याचा फारच त्रास होतो. परंतु अंगाला झोत लागणें ही एक गोष्ट आहे आणि खोलींतील हवा बदलणें ही दुसरी. पहिल्या गोष्टीला भिऊन आपण दुसरीलाहि मज्जाव करतों, आणि घरांतील एकाचें दुखणें चौघांकडे जाण्यास जी सोय लागते ती आपल्याच हातांनीं करून देतों. इन्फ्लुएन्झा, गोंवर, कोरोना इत्यादि विषाणु एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेनें जातात, याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत निश्चित ज्ञान झालें आहे. तें ज्ञान मिळावयास शंभराहून अधिक वर्षें कां लागलीं हा इतिहासहि मनोरंजक आहे. त्याचा थोडक्यांत परिचय करून द्यावा, व त्यावरून आपल्या घरांत काय करणें योग्य आहे तें सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

श्वासाबरोबर काय बाहेर पडतें

आपण श्वास सोडतों तेव्हां नुसती हवा बाहेर पडते असा सामान्य समज आहे. वस्तुतः तिच्याबरोबर असंख्य सूक्ष्म जलकण बाहेर येतात. फुप्फुसांतील बारीक नलिका श्वास सोडतांना मिटतात व घेतांना पुन्हां उघडतात; उघडतांना त्यांच्या आंतील ओलाव्याचा पातळ पडदा फाटतो आणि त्याचे कण होतात. बोलतांना कंठांतील स्वरतंतु कांपतात, त्यामुळें आणखी कण निर्माण होतात. ओठ व जीभ यांच्या हालचालीनें त्याहून मोठे तुषार उडतात. आवाज जितका चढा तितके कण अधिक. म्हणून गाणें, ओरडणें, मोठ्यानें पाठ म्हणणें यांत मुकाट्यानें बसण्यापेक्षां पुष्कळ अधिक कण बाहेर पडतात. खोकला आणि शिंक यांविषयीं वेगळें सांगावयास नको.

या कणांचें माप मायक्रॉनमध्यें करतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोकीचा केंस साधारणपणें ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. इन्फ्लुएन्झाचा किंवा कोरोनाचा विषाणु सुमारें ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे एक मायक्रॉनच्या कणांतहि सहज मावणारा.

आतां थोडें गणित करूं. उभ्या माणसाचें तोंड जमिनीपासून सुमारें दीड मीटर उंच असतें. तेथून १०० मायक्रॉनचा तुषार निघाला तर तो पांचसहा सेकंदांत जमिनीवर पडतो. कणाचा व्यास निम्मा झाला कीं त्याचा पडण्याचा वेग चतुर्थांश होतो, असा नियम आहे. त्या हिशेबानें ५ मायक्रॉनच्या कणास तेवढेंच अंतर पडावयास निश्चल हवेंत अर्धा तास लागेल, आणि १ मायक्रॉनच्या कणास अकरा-बारा तास! पण खोलींतील हवा निश्चल कधींच नसते. माणसाच्या अंगाच्या उष्णतेनेंहि ती वर चढत असते. त्या प्रवाहांचा वेग या कणांच्या पडण्याच्या वेगापेक्षां कितीतरी अधिक असल्यामुळें ते वरखालीं हिंडत राहतात. शिवाय, जे थेंब लहान आहेत ते तोंडाबाहेर पडतांच सुकून आणखी लहान होतात आणि त्यांतील क्षार, श्लेष्मा व असल्यास विषाणु हवेंत तरंगत राहतात.

सकाळच्या वेळीं झरोक्यांतून ऊन आंत आलें म्हणजे त्या कवडशांत नाचणारे रजःकण आपण सर्वांनीं पाहिले आहेत. संस्कृतांत त्यांस त्रसरेणु अशी संज्ञा असून मनुस्मृतींत वजनामापांच्या प्रकरणांत तें सर्वांत पहिलें माप म्हणून दिलेलें आहे. कवडसा हलला कीं रेणु दिसेनासे होतात, पण ते असतातच. श्वासांतील कणांची गोष्ट अशीच आहे. भेद इतकाच, कीं त्यांतील बहुतेक याहूनहि बारीक असल्यामुळें साध्या कवडशांतहि ते आपणांस दिसत नाहींत.

विद्वानांतील वाद

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत कुष्ठाचें निरूपण करणाऱ्या अध्यायाच्या शेवटीं, कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद यांसारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात तें सांगितलें आहे. त्या यादींत अंगस्पर्श, सहभोजन, एका शय्येवर निजणें, दुसऱ्याचीं वस्त्रें व माळा वापरणें यांबरोबर निःश्वासाचाहि स्पष्ट उल्लेख आहे. यावरून प्राचीनांस विषाणु ठाऊक होते असा डांगोरा पिटण्याचें कारण नाहीं. परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या यादींतील स्पर्श, भोजन, शय्या व वस्त्र यांविषयीं आपल्या जुन्या घरांत नियमांची रेलचेल होती. निःश्वासाविषयीं मात्र तसे नियम फारसे नव्हते.

युरोपांत याच्या उलट प्रकार होता. तेथें शेंकडों वर्षें बहुतेक सर्व सांथींचें खापर दूषित हवेच्या माथीं फोडलें जात असे. पुढें १८५४ सालीं लंडनच्या जॉन स्नो यानें पटकी पाण्यावाटे पसरते असें दाखविलें. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यानें आपल्याकडे सिकंदराबाद येथें डांसांच्या पोटांत हिंवतापाचें बीज शोधून काढलें. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं ‘वाईट हवा’ असा. तीहि निर्दोष ठरली. तेव्हां हवेनें रोग पसरतो असें म्हणणें हेंच अडाणीपणाचें लक्षण ठरूं लागलें. १८९० नंतरच्या दशकांत जर्मनींतील कार्ल फ्ल्युगे यानें बोलण्या-खोकण्यांतून जंतुयुक्त तुषार उडतात हें दाखविलें. १९१० सालीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहराचा आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यानें आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें, कीं रोग पसरतात ते मुख्यतः निकटच्या सहवासानें. हवेची भीति लोकांच्या मनांतून काढल्याशिवाय ते हातांची व थुंकीची काळजी घेणार नाहींत. या मताचा पगडा पुढें कित्येक दशकें कायम राहिला.

या काळांतच आपल्या मुंबईनें केवढा आघात सोसला हें सर्वश्रुत आहे. जून १९१८ मध्यें बंदरावर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई प्रथम तापानें आजारी पडले. ती लाट ओसरली, पण सप्टेंबरांत दुसरी आली ती काळरूप घेऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें दगावलीं. गांवोगांवीं या तापास मानमोडी म्हणत. सबंध हिंदुस्थानांत त्या सांथींत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रोगाचें कारण एक विवक्षित जंतु असावा असें तेव्हां पुष्कळ डॉक्टर मानीत. खरा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांनीं फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून शोधला. पुढें अशाच एका आजारी फेरेटाची शिंक तोंडावर आल्यामुळें त्यांच्यापैकीं स्मिथचे सहकारी स्टुअर्ट-हॅरिस यांस इन्फ्लुएन्झा झाला. त्याची हकीकत १९३६ सालीं शास्त्रीय पत्रांत प्रसिद्ध झाली.

हवेची बाजू पुन्हां मांडली ती विल्यम वेल्स या अमेरिकन अभियंत्यानें. १९३४ सालीं त्यानें गणितानें दाखविलें, कीं मोठे तुषार सुकण्यापूर्वींच जमिनीवर पडतात आणि लहान थेंब पडण्यापूर्वींच सुकतात. या दोहोंची सीमा सुमारें १०० मायक्रॉनवर आहे. आणि सुकलेले कण दीर्घकाळ हवेंत राहून रोग पसरवूं शकतात. त्यानें व त्याची पत्नी मिल्ड्रेड यांनीं फिलाडेल्फियाजवळच्या शाळांतील वर्गांत छताजवळ जंतुनाशक अतिनील किरणांचे दिवे लावले. १९४१ च्या गोंवराच्या सांथींत या वर्गांतील मुलांमध्यें गोंवर पुष्कळ कमी झाला. पण इतर ठिकाणीं हाच प्रयोग यशस्वी झाला नाहीं, कारण तेथील मुलें दिवे नसलेल्या बसमधून एकत्र प्रवास करीत. विरोधकांनीं त्याचा अर्थ निराळा लावला, आणि वेल्स मागें पडला.

त्याचा शिष्य रिचर्ड रायली यानें मात्र हार घेतली नाहीं. १९५६ च्या सुमारास बाल्टिमोर येथील एका रुग्णालयांत सहा क्षयरोग्यांच्या विभागांतील हवा नळ्यांवाटे छतावरील एका कोठडींत नेऊन तेथें सुमारें दीडशें गिनी पिग ठेवले. रोगी आणि ते प्राणी यांची कधीं दृष्टादृष्टहि झाली नाहीं. त्यांच्यामध्यें जाणारी-येणारी वस्तु एकच, ती म्हणजे हवा. तरी पुढील दोन वर्षांत त्यांतील पुष्कळ प्राण्यांस क्षयाची बाधा झाली. दुसऱ्या कोठडींत तीच हवा अतिनील किरणांतून नेली होती, तेथील प्राणी निरोगी राहिले. यानंतर क्षय हवेनें पसरतो हें सर्वांनीं मान्य केलें.

परंतु मान्य करतांना एक घोंटाळा झाला. क्षयाचा जंतु फुप्फुसाच्या अगदीं खोल भागांत पोंचला तरच तग धरतो, आणि तेथवर पोंचण्यास कण ५ मायक्रॉनहून लहान लागतो. हा क्षयापुरता आंकडा ‘हवेंत तरंगणाऱ्या कणांची मर्यादा’ म्हणून पाठ्यपुस्तकांत शिरला, आणि वेल्सची १०० मायक्रॉनची मर्यादा लोपली. ‘५ मायक्रॉनहून मोठे कण तीन ते सहा फुटांवर खालीं पडतात’ हें वाक्य पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनीं पाठ केलें. वर दिलेलें साधें गणित ज्यानें केलें त्यास हें वाक्य चूक असल्याचें तत्काळ कळेल. पाठांतराचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

२८ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोना हवेंतून पसरत नाहीं असें जाहीर केलें होतें, तें या परंपरेस अनुसरूनच. त्यावर लिडिया मोराव्हस्का व डोनाल्ड मिल्टन यांनीं जुलै २०२० मध्यें २३९ शास्त्रज्ञांच्या अनुमतीनें अनावृत पत्र लिहिलें. संघटनेनें आपलें मत टप्प्याटप्प्यानें बदललें, आणि एप्रिल २०२४ मध्यें, लहानमोठ्या सर्वच श्वासजन्य कणांस एकच संज्ञा देऊन ते ‘हवेंतून’ पसरतात ही भाषा मान्य केली.

प्रत्यक्ष प्रमाणें

हा वाद केवळ तर्कानें मिटलेला नाहीं. १९७७ सालीं अलास्कांत एक विमान यंत्र बिघडल्यामुळें तीन तास धांवपट्टीवर उभें राहिलें. आंत ५४ माणसें होतीं, हवा खेळविणारें यंत्र बंद होतें आणि एका प्रवाशास इन्फ्लुएन्झा झालेला होता. पुढील ७२ तासांत शेंकडा ७२ प्रवासी तापानें व खोकल्यानें आजारी पडले. त्या एका माणसानें तीन तासांत इतक्या जणांशीं हस्तांदोलन केलें असेल असें कोण म्हणेल?

१९७४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील एका प्राथमिक शाळेंत एका मुलीस गोंवर झाला. तिच्यापासून २८ मुलांस तो लागला, आणि हीं मुलें एकूण १४ निरनिराळ्या वर्गांतील होतीं. कित्येकांनीं तिच्या वर्गांत कधीं पाऊलहि टाकलें नव्हतें. शाळेंत एका वर्गाची हवा ओढून घेऊन तीच इतर वर्गांत सोडणारी यंत्ररचना होती.

१० मार्च २०२० रोजीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत माउंट व्हर्नन येथें स्कॅजिट व्हॅली कोराल नांवाच्या गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. दाराशीं हात निर्जंतुक करण्याचें द्रव ठेवलेलें होतें. आलिंगन व हस्तांदोलन मंडळींनीं टाळलें होतें. तालमीस आलेल्या ६१ जणांपैकीं ५३ जणांस कोरोना झाला (त्यांपैकीं ३३ जणांचा तपासणीनें सिद्ध, उरलेल्यांचा लक्षणांवरून), आणि दोघे मृत्यु पावले. त्याच वर्षीं २४ जानेवारीस चीनमधील ग्वांगझू शहरांतील एका उपाहारगृहांत लगतच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतील १० जणांस रोग झाला. त्या कोपऱ्यांतील वातानुकूलन यंत्र तीच हवा त्या तीन टेबलांवरून फिरवीत होतें. बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती. याच मजल्यावरील इतर टेबलांस बाधा झाली नाहीं.

परंतु आम्हांस सर्वांत मौजेचा वाटतो तो साध्या पडशावरील प्रयोग. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील इलियट डिक व त्यांचे सहकारी यांनीं तो १९८७ सालीं प्रसिद्ध केला. पडसें झालेल्या व न झालेल्या माणसांस एका खोलींत बसवून त्यांनीं बारा बारा तास पत्ते खेळविले. निरोग्यांपैकीं कांहींना अशीं बंधनें घातलीं, कीं त्यांचा हात स्वतःच्या नाकाडोळ्यांपर्यंत पोंचूं नये. हातानें पडसें लागत असेल तर हे बद्ध खेळाडू सुटावयास हवे होते. पण बद्धांपैकीं १८ पैकीं १० जणांस पडसें झालें, आणि मोकळ्यांपैकीं १८ पैकीं १२ जणांस; म्हणजे फरक नांवाचाच. पुढें तेच शेंबडानें माखलेले पत्ते व चकत्या दुसऱ्या खोलींत १२ निरोगी माणसांस खेळावयास देऊन बारा तास नाकाडोळ्यांस हात लावावयास सांगितलें. त्यांतील एकासहि पडसें झालें नाहीं!

यावरून हात धुणें व्यर्थ आहे असें कोणी समजूं नये. हगवण, विषमज्वर, जंत इत्यादि रोग हाताच्या व अन्नपाण्याच्या वाटेनें येतात. तेथें हस्तप्रक्षालनासारखा उपाय नाहीं. विषाणूंनीं बरबटलेला हात नाकाडोळ्यांस लागूं देणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. सांगावयाचें तें इतकेंच, कीं श्वासाच्या रोगांस हातावर थांबवितां येत नाहीं.

एका शंकेचें निरसन

सुज्ञ वाचक येथें विचारतील, कीं रोग हवेनें पसरतो तर आजाऱ्याच्या जवळ बसणारासच तो अधिक कां होतो? चेपिनलाहि हाच प्रश्न पडला होता, आणि त्यावरूनच त्यानें हवेस दोषमुक्त केलें. याचें उत्तर देवघरांतील उदबत्तीपाशीं आहे. उदबत्ती पेटविली कीं तिच्याजवळ धूर दाट असतो, लांब विरळ असतो. जवळ बसणाराच्या नाकांत तो अधिक जातो, म्हणून धूर हवेनें पसरत नाहीं असें आपण म्हणत नाहीं. दारेंखिडक्या बंद असतील तर घटकाभरांत सबंध देवघर धुरानें भरतें, आणि कोपऱ्यांत बसलेल्याचेहि डोळे चुरचुरतात. खिडक्या उघड्या असतील तर दोन हातांवर वाससुद्धां येत नाहीं. श्वास म्हणजे न दिसणारी उदबत्ती आहे असें समजावें. ती जळत असतेवेळीं किती जवळ बसलों, किती वेळ बसलों आणि खोली किती मोकळी होती, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर आपणांस किती विषाणु मिळाले तें ठरतें.

आणि ही उदबत्ती केव्हां पेटली आहे हें नेहमीं कळतेंच असेंहि नाहीं. इन्फ्लुएन्झांत लक्षणें दिसण्यापूर्वीं एक दिवस, कोरोनांत एक-दोन दिवस, गोंवरांत अंगावर पुरळ उठण्यापूर्वीं चार दिवस माणूस रोग पसरवीत असतो. गोंवराचा रोगी खोलींतून निघून गेल्यावरहि दोन तासांपर्यंत त्या हवेंतून रोग लागूं शकतो.

आपलीं घरें

जुन्या वाड्यांत अनेक गैरसोयी होत्या. परंतु मधला चौक, उंच छत, भिंतींतील झरोके आणि कौलांच्या फटी यांमुळें हवा आपोआप वाहत असे. आतां आपण सदनिकांत राहतों. खोल्या ठेंगण्या, सरकत्या खिडक्या घट्ट बसणाऱ्या, आणि वर वातानुकूलन यंत्र. पुष्कळांचा असा समज आहे, कीं हें यंत्र बाहेरची ताजी हवा आंत आणतें. घरांत भिंतीवर लावलेलीं नेहमींचीं यंत्रें तसें कांहीं करीत नाहींत. तीं खोलींतीलच हवा ओढून थंड करून पुन्हां खोलींत सोडतात. छताचा पंखाहि हवा हलवितो, बदलत नाहीं.

हवा बदलणें याचा हिशेब असा. खोलीच्या आकारमानाएवढी ताजी हवा तासांत दोन वेळां आंत येत असेल, तर तरंगत्या कणांपैकीं शेंकडा ९९ जावयास सव्वादोन तासांहून अधिक लागतात. सहा वेळां येत असेल तर पाऊण तास पुरतो, आणि बारा वेळां येत असेल तर पंचवीस मिनिटांच्या आंत काम होतें. बंद खोलींत ती तासांत एकदांहि नीट बदलत नाहीं.

याचा पडताळा पाहण्याचें एक साधनहि आतां मिळतें. बाहेरच्या हवेंत दहा लाख भागांत सुमारें सव्वाचारशें भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपल्या उच्छ्वासांत तोच चाळीस हजारांच्या आसपास असतो. तो मोजणारें लहानसें यंत्र खोलींत ठेविलें व त्यावर बाराशें हा आंकडा दिसला, तर समजावें, कीं आपण घेत असलेल्या हवेचा सुमारें पन्नासावा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसांतून आलेला आहे. दर मिनिटास पंधरा श्वास धरले तर तासांत ९०० श्वास होतात. म्हणजे त्यांतील अठरा श्वास उष्टे! ज्या घरांत दुसऱ्याचा उष्टा पेला तोंडास लावणें निषिद्ध, त्या घरांत हा हिशेब लक्षांत यावयास हरकत नाहीं.

तर मग करावें काय? आजाऱ्यास शालजोडी पांघरावी, कान बांधावे, त्याची खाट झोतापासून दूर सरकवावी, पण खिडकी उघडावी. एकच खिडकी पुरत नाहीं. समोरासमोर दोन वाटा असल्या म्हणजे हवा एकीकडून येते व दुसरीकडून जाते. एकच वाट असेल तर तिच्यांत पंखा बाहेरच्या दिशेस तोंड करून ठेवावा. तो खोलींतील हवा बाहेर ढकलतो, आणि दाराखालून घरांतील हवा आंत येते. त्यायोगें आजाऱ्याच्या खोलींतील हवा बाकी घरांत शिरत नाहीं. शौचगृहांतील किंवा स्वयंपाकघरांतील हवा बाहेर फेंकणारा पंखा चालू ठेवल्यानेंहि बरीच मदत होते. कडाक्याच्या थंडींत खिडकी सतत उघडी ठेवणें अशक्य असेल तर दर तासास दहा मिनिटें तरी सर्व दारेंखिडक्या उघडाव्या. बाळंतिणीच्या खोलीसहि हाच नियम. बाळाला उबेची जरूर आहे, कोंडलेल्या हवेची व धुरीची नाहीं. खोकणाऱ्या पाहुण्यांनीं बाळ पाहावयास न जाणें हें तर उघडच आहे.

मुखपटाविषयीं दोन शब्द. साध्या कापडी मुखपटानें मोठे तुषार अडतात, बारीक कण बरेच निसटतात. एन-९५ जातीच्या मुखपटांतील तंतूंवर विद्युत्प्रभार असतो, त्यामुळें जे कण गाळावयास सर्वांत कठीण तेहि शेंकडा ९५ अडतात. मात्र तो गालांस व नाकास घट्ट बसला पाहिजे. आजाऱ्यानें व त्याची शुश्रूषा करणारानें, दोघांनींहि तो लावणें उत्तम. घरांतील वृद्धांस दरवर्षीं इन्फ्लुएन्झाची व मुलांस वेळच्या वेळीं गोंवराची लस टोंचून घेणें यासहि पर्याय नाहीं.

माणुसकीचा प्रश्न

हा विषय निव्वळ खिडक्यांचा आहे असें कोणास वाटेल, म्हणून शेवटीं एका गोष्टीकडे लक्ष वेधतों. २०२० व २०२१ या वर्षांत आमच्या आळींतील एका सुशिक्षित घरीं वर्तमानपत्र दोन दिवस उन्हांत ठेवून मग वाचीत, भाजी सोड्याच्या पाण्यांत बुडवून ठेवीत, आणि पैशाच्या नोटांवर इस्तरी फिरवीत. हें सर्व अत्यंत निष्ठेनें चाले. त्याच घरांत संध्याकाळीं नऊ माणसें खिडक्या लावून, यंत्र सुरू करून, एका दिवाणखान्यांत चित्रवाणीसमोर बसत. पुढें घरांतील आजोबा आजारी पडले तेव्हां त्यांचें ताट दाराबाहेरून सरकविण्यांत येऊं लागलें. त्यांच्या खोलीचें दार बंद, खिडकीहि बंद. सतरा दिवस त्या वृद्धाशीं कोणी दोन शब्द बोललें नाहीं. ते बरे झाले. पण ‘‘तापानें नव्हे, दारानें मारलें’’ असें ते पुढें कित्येकांजवळ बोलून दाखवीत.

घरांतील मंडळी दुष्ट नव्हतीं. भय होतें आणि तें चुकीच्या ठिकाणीं होतें. रोग स्पर्शांत आहे असें मानलें, कीं आजारी माणूसच टाळावयाची वस्तु होतो. तो हवेंत आहे हें कळलें, कीं टाळावयाची ती कोंडलेली हवा, माणूस नव्हे. खिडक्या उघडून, चांगला मुखपट लावून, वाऱ्याच्या वरच्या अंगास खुर्ची टाकून आजोबांजवळ अर्धा तास बसतां आलें असतें. धोका शून्य झाला नसता, पण फार कमी झाला असता. तसेंच त्या घरांतील जी सून रात्रंदिवस त्यांच्या पथ्यपाण्याचें पाहत होती तिचाहि विचार कोणी केला नाहीं. आजाऱ्याच्या खोलींत सर्वांत अधिक वेळ जाणारी, सर्वांत अधिक श्वास घेणारी व्यक्ति बहुतेक घरांत तीच असते. दोन खिडक्या उघड्या ठेवणें हें तिच्यावर उपकार नव्हेत. तो तिचा हक्क आहे.

यापुढें घरांत कोणी खोकूं लागलें आणि कोणी वडील माणूस म्हणालें, कीं ‘‘खिडकी लावा, वारा लागेल,’’ तर त्यांचा शब्द मोडूं नये. आजाऱ्याच्या अंगावर शाल नीट पांघरावी, आणि मग दोन्ही खिडक्या उघडून वडिलांस म्हणावें, कीं त्याला वारा लागणार नाहीं, खोलीला मात्र लागूं द्या.